प्रश्न वाचकांचे : स्कूबा डायव्हिंगच्या खासगी नौकेवर नोकरी करताना

मागील अंकात समुद्रावरील नोकऱ्यांविषयी लिहिताना, स्कूबा डायव्हिंगसाठी संपूर्ण नौका भाड्याने घेणाऱ्या गटांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न अशा नौकेवरील कर्मचाऱ्यांच्या कामाविषयीच असल्यामुळे या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. मी स्वतः अशा नौकांवर आधी डेकवरचा खलाशी आणि नंतर डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली वाट दाखवणारा, म्हणून काम केले आहे, त्यामुळे उत्तरांत माझी मतेही येतील.

प्रश्न : माझे वय 22 वर्षे असून डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र मी गेल्या वर्षी मिळवले. मला खासगी डायव्हिंग नौकेवर काम करायचे आहे. डायव्हिंगचे पुढचे अभ्यासक्रम आधी पूर्ण करावेत, की थेट अर्ज करण्यास सुरुवात करावी?

उत्तर : डायव्हिंग उत्तम येत असले, की डायव्हिंगच्या नौकेवर काम करता येते, अशी समजूत आपल्या प्रश्नामागे दिसते आणि ती अनेकांची असते. प्रत्यक्षात पाण्याखालची विद्या वेगळी आणि पाण्यावरची वेगळी. नौकेवर कप्तान, इंजिन सांभाळणारा, डेकवरचे खलाशी, स्वयंपाकी, पाहुण्यांची व्यवस्था पाहणारे आणि डाइव्हमास्टर किंवा इन्स्ट्रक्टर अशी माणसे लागतात. नौका जितकी लहान, तितकी यांतली दोन-तीन कामे एकाच्याच अंगावर येतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 12 पेक्षा जास्त प्रवासी नेणारे जहाज प्रवासी जहाज ठरते आणि त्यावर बरेच कडक निकष लागू होतात, त्यामुळे खासगी भाड्याच्या अनेक नौका 12 पाहुण्यांवरच थांबतात. इतक्या लहान नौकेवर केवळ पाण्याखाली वाट दाखवणारा माणूस ठेवणे मालकाला परवडत नाही. ज्याला दोर नीट फेकता व बांधता येतो, छोटी डिंगी चालवता येते, आणि शिवाय डायव्हिंगही येते, असा माणूस त्याला हवा असतो.

म्हणून माझा सल्ला असा, की समुद्रावरील सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण आपण आधी घ्यावे. 'एसटीसीडब्ल्यू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिल्या जाणाऱ्या या प्रशिक्षणात समुद्रात तग धरण्याची तंत्रे, आग रोखणे व विझवणे, प्रथमोपचार, आणि वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी हे विषय असतात. सोबत समुद्रावरील कामासाठीचा वैद्यकीय दाखला लागतो आणि तो जास्तीत जास्त 2 वर्षे चालतो. डायव्हिंगच्या बाजूने रेस्क्यू डायव्हरचा, म्हणजे अडचणीतील डायव्हरला वाचवायला शिकवणारा, टप्पा घाईने उरकू नका, कारण डेकवर उभे असताना त्याच शिक्षणाचा सर्वांत जास्त उपयोग होतो. डायव्हिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या पॅडी या संस्थेच्या डाइव्हमास्टर अभ्यासक्रमासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात, आरंभी नोंदवहीत 40 डाइव्ह आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत 60 डाइव्ह असावे लागतात. हे आकडे किमान आहेत. निरनिराळ्या पाण्यात, प्रवाहात, गढूळ पाण्यात आणि रात्री केलेले डाइव्ह नोंदवहीत दिसले, तर ते पाहणाऱ्याला आपल्याविषयी अधिक सांगतात.

एक गोष्ट मात्र आताच सांगून ठेवतो. नोकरी लावून देण्यासाठी कोणी आपल्याकडे पैसे मागितले, तर तेथून परत फिरा. सागरी कामगारांविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी मिळवून देण्याचे शुल्क खलाशाकडून घेता येत नाही.

प्रश्न : मला बोट लागते. या कामाचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : इतक्यात नाही. बहुतेकांचे शरीर सलग दोन-तीन दिवस पाण्यावर राहिले, की सरावते, आणि अनेक जुने खलाशीही हंगामाचे पहिले एक-दोन दिवस गप्प गप्प असतात. बंद केबिनमध्ये बसू नका, इंजिनाच्या धुराच्या वाटेत उभे राहू नका, नौकेच्या मध्यभागी राहा आणि नजर क्षितिजावर ठेवा. औषध घेणार असाल, तर त्याने गुंगी येते का, हे जमिनीवर असतानाच पाहून ठेवा, कारण गुंगीच्या अमलाखाली पाण्यात उतरणे धोक्याचे असते. आठवडाभर समुद्रावर राहूनही पोटात काही टिकत नसेल, तर किनाऱ्यावरच्या डाइव्ह सेंटरमध्येही सन्मानाचे काम असते.

प्रश्न : पाहुणे पाण्याखाली गेले, की डेकवरच्या माणसाला तास-दीड तास मोकळीक असते, असे माझा एक मित्र सांगतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि आपल्या मित्राला ही समजूत ज्या नौकेवर मिळाली असेल, त्या नौकेची मला काळजी वाटते. अंगमेहनतीचे काम त्या वेळात कमी असते, हे खरे. 12 पाहुणे आणि दिवसाला 3 डाइव्ह धरले, तर 36 टाक्यांची व्यवस्था करावी लागते आणि अॅल्युमिनियमची नेहमीची भरलेली टाकी साधारण 17 किलोंची असते. टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर चालवताना त्याची हवा ओढणारी नळी वारा जिकडून येतो त्या दिशेला, इंजिनाच्या धुरापासून लांब आहे ना, हे वारा फिरेल तितक्या वेळा पाहावे लागते; कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वर असताना जे प्रमाण किरकोळ वाटते, ते खोलवरच्या दाबाखाली माणसाची शुद्ध हरपवू शकते. टाकीला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा श्वासासाठी तोंडापर्यंत आणणारे उपकरण, जोडण्यापूर्वी तिची झडप किंचित उघडायची, फस् करून हवा सुटते तेव्हा तोंडावर साचलेले पाण्याचे थेंब व मिठाचे कण उडून जातात, मग काळी रबरी कडी बोटाने चाचपून तिला चीर गेलेली नाही ना, ते पाहायचे, आणि मगच रेग्युलेटर बसवायचा. ही कृती दिवसातून छत्तीस वेळा करावी लागली, तरी छत्तिसाव्या वेळी ती पहिल्यासारखीच व्हावी लागते.

परंतु खरे काम पाहुणे उतरल्यानंतर सुरू होते. डायव्हर खाली असल्याचे सांगणारा निळा-पांढरा ध्वज वर आहे का, दुसरी नौका जवळ येते आहे का, वारा वळला का, पाण्याची ओढ वाढली का, बुडबुडे कोणत्या बाजूला सरकत आहेत, या सर्वांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. एक नॉटचा, म्हणजे ताशी एक सागरी मैलाचा, प्रवाह ऐकायला मंद वाटतो, पण तो माणसाला मिनिटाला सुमारे 31 मीटर वाहून नेतो. दहा मिनिटांत तो तीनशे मीटर लांब गेलेला असतो आणि तेवढ्या अंतरावर, लाटांमध्ये, काळ्या टोपीतले डोके नारळाएवढेसुद्धा दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक डायव्हरजवळ फुगवून उभा करता येणारा मार्कर असल्याशिवाय त्याला उतरू देऊ नये, असे माझे मत आहे. पाहुणे शिडीकडे येऊ लागले, की प्रोपेलर फिरत नाही, हे कप्तानाच्या तोंडून ऐकल्यावरच त्यांना जवळ बोलवावे, आणि एक जण शिडी चढत असताना दुसऱ्याला तिच्याखाली थांबू देऊ नये. पाठीवरच्या टाकीसह वरचा माणूस निसटला, तर खालच्याच्या डोक्यावर येतो.

आणि मग शिरगणती. 25 जानेवारी 1998 रोजी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर एक डायव्हिंग नौका आपल्या दोन पाहुण्यांना पाण्यातच सोडून किनाऱ्याला परतली. त्या दांपत्याचे सामान नौकेवर पडून असल्याचे लक्षात येऊन शोध सुरू होईपर्यंत दोन दिवस गेले होते. ते दोघे कधीच सापडले नाहीत. ही हकीगत मला पहिल्याच नोकरीत सांगण्यात आली होती आणि तरीही मी चुकलो.

त्या दिवशी 11 पाहुणे उतरले होते. मी डेकवर उभा राहून डोकी मोजली, ती 11 भरली, आणि मी कप्तानाला हात वर करून खूण केली. कप्तान जुने होते. ते माझ्या खुणेवर विसंबले नाहीत, खाली आले आणि बाकाच्या मागच्या टाक्यांच्या रांगेवरून हात फिरवत चालत गेले. शेवटून तिसरी जागा रिकामी होती. काळा वेटसूट घातलेल्या आमच्याच एका सहकाऱ्याला मी पाहुण्यांमध्ये मोजले होते. शिडीवरून निसटलेला कॅमेरा शोधण्यासाठी एक पाहुणे पुन्हा खाली गेले होते आणि चार-पाच मिनिटांत नौकेच्या दुसऱ्या बाजूला वर आले. कप्तान मला रागावले नाहीत. त्यांनी पुढच्या डाइव्हपासून यादी माझ्या हातात दिली आणि प्रत्येक पाहुण्याला नावाने हाक मारून, त्याने स्वतः 'हो' म्हटल्यावरच खूण करायला लावली. दुसऱ्याने दिलेले उत्तर चालणार नाही, आणि यादीनंतर टाक्याही मोजायच्या. आजही मला यापेक्षा चांगली पद्धत माहीत नाही.

प्रश्न : मी एका खासगी नौकेवर डेकवर काम करतो. एका गटाचे प्रमुख, ज्यांनी सर्व खर्च केला होता, त्यांनी 32 टक्के नायट्रॉक्स (ऑक्सिजनचे प्रमाण 32 टक्क्यांपर्यंत वाढवलेली हवा) भरलेल्या टाक्या घेऊन 42 मीटरवर असलेले बुडालेले जहाज पाहण्याचा हट्ट धरला. डाइव्हमास्टरने आधी नकार दिला, पण 'बोट माझ्या पैशांवर चालली आहे' असे ते म्हणाल्यावर कोणीच काही बोलले नाही. ते गेले आणि सुखरूप परत आले. मी विनाकारण घाबरलो होतो का?

उत्तर : आपण विनाकारण घाबरला नव्हता. आधी आकडे पाहू. 42 मीटरवर एकूण दाब 5.2 बार असतो (पाण्याबाहेर तो सुमारे 1 बार असतो). त्याचे 32 टक्के म्हणजे एकट्या ऑक्सिजनचा वाटा, अर्थात त्याचा आंशिक दाब, जवळपास 1.66 बार झाला. करमणुकीच्या डायव्हिंगमध्ये हा दाब 1.4 बारपर्यंत ठेवतात, आणि 1.6 ही आणीबाणीपुरती राखलेली कमाल मर्यादा मानली जाते. आपले पाहुणे तीही ओलांडून गेले. 32 टक्के मिश्रण घेऊन सुमारे 33 मीटरपर्यंतच जावे, असे जे शिकवले जाते, ते याच हिशेबाने. मर्यादेपलीकडे ऑक्सिजन मज्जासंस्थेला विषासारखा बाधतो, कोणतीही पूर्वसूचना न देता आकडी येऊ शकते, आणि पाण्याखाली आकडी आलेल्या माणसाच्या तोंडातून रेग्युलेटर सुटला, की तो बुडतो. साधी हवा भरली असती, तरी 42 मीटर ही खोली करमणुकीच्या डायव्हिंगच्या 40 मीटरच्या मर्यादेबाहेरचीच होती. आकडी प्रत्येक वेळी येत नाही, त्यामुळे ते सुखरूप परत आल्याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, पुढच्या वेळी ते याच अनुभवाचा दाखला देतील, याची मला अधिक भीती वाटते.

आता त्या वाक्याविषयी, कारण खासगी नौकेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी ऐकावे लागते. अनेक अनोळखी पाहुणे घेऊन जाणाऱ्या नौकेवर एखाद्याने हट्ट धरला, तर बाकीचेच त्याला आवरतात. खासगी नौकेवर सगळे एकाच यजमानाचे स्नेही असतात, त्याला दुखवायला कोणी धजत नाही, आणि शेवटच्या दिवशी मिळणारी बक्षिशी त्याच्याच हातात असते, हे कर्मचाऱ्यांनाही ठाऊक असते. याच दडपणाखाली चांगली चांगली माणसे गप्प बसतात. परंतु नौका भाड्याने देताना कप्तानाचा निर्णय भाड्याने दिलेला नसतो. समुद्रावरील जीवितरक्षणाविषयीच्या 'सोलास' या 1974 च्या कराराच्या पाचव्या प्रकरणात 34-1 क्रमांकाचा नियम आहे. जीवितरक्षणासाठी कप्तानाला स्वतःच्या व्यावसायिक बुद्धीने आवश्यक वाटणारा निर्णय घेण्यापासून मालकाने, कंपनीने किंवा नौका भाड्याने घेणाऱ्याने त्याला रोखू नये, असे तो स्पष्ट सांगतो. भाड्याने घेणाऱ्याचा उल्लेख त्यात मुद्दाम केलेला आहे, यावरून हे दडपण किती जुने आहे, ते ध्यानात यावे.

आपण डेकवरचे कर्मचारी आहात, म्हणून नकार देण्याची पहिली जबाबदारी आपली नव्हती. पण आपल्याला काहीच करता येत नव्हते, असेही नाही. पाहुण्यांसमोर वाद न घालता कप्तानाला बाजूला घेऊन, 'हे मिश्रण 33 मीटरचे आहे आणि ते 42 वर जाणार आहेत' एवढेच आकड्यांसह सांगायला हवे होते. भीती वाटते असे सांगितले, तर ते बाजूला सारता येते. आकडा बाजूला सारणे अवघड असते. त्यानंतरही कप्तान गप्प राहिले असते, तर त्या टाक्या पाहुण्यांच्या पाठीवर चढवण्यास मी नम्रपणे नकार दिला असता. यात नोकरी जाण्याचा धोका आहे, हे मी मान्य करतो, आणि तरीही माझे मत हेच आहे.

अशी वेळ येऊच नये, यासाठीची तजवीज मात्र आदल्या संध्याकाळी करता येते. पाहुणे नौकेवर आले, की त्यांचे सामान लावण्यापूर्वीच कप्तानाने सर्वांना एकत्र बसवून, खोलीची मर्यादा कोणती, मद्य घेतल्यावर त्या दिवशी पाण्यात उतरता येणार नाही, हवामानाचा आणि प्रत्येक डाइव्हचा अंतिम निर्णय कोणाचा, हे शांतपणे सांगावे आणि करारातही ते लिहिलेले असावे. सगळ्यांना एकदमच सांगितलेला नियम कोणालाही स्वतःचा अपमान वाटत नाही. शिवाय प्रत्यक्ष नकार देताना हातात दुसरे काहीतरी द्यावे. त्या दिवशी 25 मीटरवरची एखादी चांगली जागा तयार ठेवून डाइव्हमास्टरने तिचे मनापासून वर्णन केले असते, तर कदाचित तुमचे यजमान स्वतःच तिकडे वळले असते. चिडलेल्या यजमानांनाही पाण्याखाली एखादे कासव शांतपणे चरताना दिसले, की वर येईपर्यंत राग उरत नाही, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला अशा नौकेवर पहिली नोकरी मिळाली आहे. ती आठवडा-आठवडा समुद्रावरच राहणार आहे. पालक म्हणून आम्ही काय पाहावे?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. लेखी करार असल्याशिवाय तिने नौकेवर पाऊल ठेवू नये; त्यात पगार, कामाचे स्वरूप, आजारपणातील उपचार आणि घरी परतण्याचा खर्च कोणाचा, हे असावे. 2006 च्या ज्या कराराचा उल्लेख वर आला आहे, त्यानुसार कोणत्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. लहान नौकांना हा नियम सर्वत्र सारखा लागू होत नाही, पण नौका चांगली आहे की नाही, हे ओळखण्यासाठी हाच प्रश्न विचारावा. कर्मचाऱ्यांच्या झोपण्याच्या जागेला आतून कडी आहे का, आणि पाहुण्यांकडून किंवा सहकाऱ्याकडून त्रास झाल्यास कप्तानाखेरीज किनाऱ्यावरील कोणाशी बोलायचे, हेही तिने संकोच न करता आधीच विचारावे. नीट चालवलेल्या नौकेवर या प्रश्नांचा कोणालाही राग येत नाही.

याहून अधिक आग्रहाने मी एकच गोष्ट सांगेन. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या 'कन्सेप्शन' या डायव्हिंग नौकेला आग लागली आणि खालच्या झोपण्याच्या दालनातील 34 जणांचा मृत्यू झाला. त्यांत एक कर्मचारी होती. खालून वर येण्याचे दोन मार्ग होते, पण दोन्ही वरच्या एकाच बंद दालनात निघत होते आणि आग तिथेच होती. रात्री जागे राहून नौकेवर फेरी मारणारा कोणीही नव्हता, आणि पुढे कप्तानाला त्यासाठी शिक्षा झाली. म्हणून रात्रीचा पहारा कोण देतो, हे मुलीने पहिल्याच दिवशी विचारावे. आपल्या बिछान्यापासून मोकळ्या डेकपर्यंतचे दोन्ही मार्ग डोळे मिटून, हातांनी चाचपत एकदा चालून पाहावेत. कॅमेरे, टॉर्च आणि पाण्याखालच्या स्कूटर यांच्या लिथियम बॅटऱ्या रात्री सर्व झोपलेले असताना चार्जिंगला लावलेल्या दिसल्या, तर ते जागच्या जागी थांबवण्याचा आग्रह धरावा. ती नवीन असली, तरी हे सांगण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : मी तीन वर्षे या कामात आहे. नौका बांधण्याचा दोर समुद्रतळाशी असलेल्या कडीला अडकवण्यासाठी आणि सोडवण्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा मला खाली जावे लागते, कधी टाकी घेऊन, तर कधी घाईत नुसता श्वास रोखून. खोली 18 ते 20 मीटर असते. चार दिवसांपासून डावा खांदा दुखतो आहे. टाक्या उचलल्यामुळे दुखत असेल का?

उत्तर : टाक्या उचलल्यामुळेही दुखत असेल, परंतु आपण तसे गृहीत धरू नये. पाहुण्यांसाठी आपण एक डाइव्ह, वर विश्रांती आणि मग दुसरा डाइव्ह असा हिशेब काटेकोरपणे ठेवतो; नौका बांधणाऱ्याच्या फेऱ्यांना मात्र कोणी डाइव्ह म्हणतच नाही, त्या कोणाच्या नोंदवहीत येत नाहीत. पाच मिनिटांत खाली जाऊन भरभर वर येणे आणि दिवसभर तेच पुन्हा पुन्हा करणे, हे शरीराला एकाच लांब डाइव्हपेक्षा अधिक बाधू शकते, कारण पहिल्या फेरीत रक्तात तयार झालेले नायट्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे पुढच्या फेरीत दाबाने आक्रसून फुप्फुसांच्या गाळणीतून निसटू शकतात. टाकीच्या डाइव्हनंतर श्वास रोखून खोल जाण्यातही हाच धोका आहे. सांध्याचे, विशेषतः खांद्याचे, असे दुखणे डायव्हरला झाले, तर ते डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याने होणारा, आजार नाही, असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तो आजारच आहे, असे मानून चालावे.

आपण आजच्या आज पाण्यात उतरणे थांबवा, कप्तानाला सांगा आणि डायव्हिंगच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा. जाताना गेल्या आठवड्यातील प्रत्येक फेरीची खोली आणि वेळ, आठवेल तशी का होईना, कागदावर लिहून न्या. मुंग्या येणे, अंगाचा एखादा भाग बधिर होणे, चालताना तोल जाणे किंवा लघवी होण्यास अडचण येणे यांपैकी काहीही असेल, तर ती तातडीची बाब आहे; नौकेवरील ऑक्सिजन लगेच लावावा आणि आपल्याला रीकम्प्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवून उपचार करण्याची बंद खोली) असलेल्या रुग्णालयात हलवावे. दुखणे कमी व्हावे म्हणून पुन्हा पाण्याखाली जाऊन पाहण्याचा प्रयोग करू नका, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत विमानप्रवासही टाळा. बरे झाल्यावर नौका बांधण्याचे काम दोघा-तिघांत वाटून देण्याविषयी आणि प्रत्येक फेरी नोंदवहीत लिहिण्याविषयी कप्तानाशी बोला.

अंक छापून आपल्या हाती पडेपर्यंत बरेच दिवस जातील, म्हणून हे उत्तर आपले पत्र मिळाले त्याच दिवशी आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहे.